उसन्या रूपाचा इतिहास

संगणकाच्या एका कार्यप्रणालीस दुसरीचें रूप देण्याचा उद्योग गेलीं तीस वर्षें जगभर चालू आहे, आणि आमच्या परिचयांतील बहुतेक सुशिक्षित मंडळी त्यास निव्वळ पोरखेळ समजतात. विंडोज चालविणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यानें चार रात्री जागून आपला पडदा मॅकिंटॉशसारखा करून घ्यावा, अथवा लिनक्स वापरणाऱ्या एखाद्या कारकुनानें डाव्या कोपऱ्यांत विंडोजचें स्टार्ट बटण आणून बसवावें, ह्यांत इतिहासानें दखल घेण्याजोगें काय आहे, असें कोणीहि विचारील. फौजदाराचा पोशाख चढवून दाराशीं येणारा बहुरूपी आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे; दोन घटका करमणूक करून तो पुढच्या दारीं जातो, आणि त्याची बखर कोणी लिहीत नाहीं. परंतु ह्या बहुरूप्याच्या पायीं अमेरिकेंतील न्यायालयांत सहा वर्षांहून अधिक काळ खटला चालला. एका सरकारनें प्रजेच्या फाइलींवर खूण उमटविणारें यंत्र परक्या देशाच्या देखण्या पोशाखांत सजवून तिच्या हातीं दिलें. आणि दुसरीकडे, ज्यांस आपलें काम लपविणें प्राप्त होतें अशा माणसांना ह्याच सोंगाचा आडोसा झाला. तेव्हां प्रकरण दिसतें तितकें हलकें नाहीं.

कार्यप्रणाली म्हणजे जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों ती. तिचीं दोन अंगें कल्पितां येतात. एक आंतलें: स्मृतीची वाटणी करणें, फाइली सांभाळणें, कळफलकापासून छपाईयंत्रापर्यंत सर्व भागांस कामास लावणें. दुसरें दर्शनी: खिडक्या, चिन्हें, पट्ट्या, बटणें, त्यांचे रंग आणि त्यांच्या जागा. पहिलें अंग घडविण्यांत शेंकडों माणसांचीं वर्षानुवर्षें जातात. पण वापरणाऱ्याची ओळख होते ती दुसऱ्याशीं, आणि तीहि डोळ्यांपेक्षां हाताची अधिक. खिडकी मिटण्याचें बटण उजवीकडे असेल तर हात न सांगतां उजवीकडे जातो. तेंच डावीकडे गेलें कीं हात अडखळतो, आणि माणूस चिडतो. ही जी हाताची सवय, तिच्यावर मालकी कोणाची, यंत्र करणाऱ्याची कीं तें शिकणाऱ्याची, हा उसन्या रूपाच्या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे असें आम्हांस वाटतें.

दर्शनी अंगाचें मूळ शोधूं गेल्यास आरंभींच उसनवारी भेटते. कॅलिफोर्नियांतील पॅलो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत १९७३ मध्यें आल्टो नांवाचा संगणक तयार झाला; माऊस आणि चित्ररूप पडदा ह्यांची जोडी तेथें जमली, आणि पुढें त्याच यंत्रावर खिडक्याहि उघडूं लागल्या. १९८१ मध्यें झेरॉक्सनें स्टार हें यंत्र विक्रीस काढलें आणि कचेरींतील टेबलाची उपमा, म्हणजे कागद, फायली, टपालाच्या पेट्या, पडद्यावर आणली. त्याची किंमत सोळा हजार डॉलरांच्या वर असल्यामुळें तें फारसें खपलें नाहीं. तत्पूर्वीं, १९७९ च्या अखेरीस, ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज सहकाऱ्यांसह तें केंद्र पाहून गेले होते. मोबदला म्हणून झेरॉक्सला ॲपलचे शेअर घेण्याची संधि मिळाली होती. पुढें ॲपलचा लिसा १९८३ मध्यें आणि मॅकिंटॉश १९८४ मध्यें बाजारांत आला. ह्या भेटीसंबंधीं बिल ॲटकिन्सन ह्यांनीं सांगितलेली एक गोष्ट फार मासलेवाईक आहे. एका खिडकीखालीं अर्धवट दडलेल्या दुसऱ्या खिडकीचा उघडा भाग यंत्र आपोआप रंगवीत राहतें, असें आपण झेरॉक्समध्यें पाहिलें असा त्यांचा समज झाला होता. तेथें हें साधलेंच असल्यामुळें आपणांसहि साधेल, अशा खात्रीनें त्यांनीं खटपट करून ती युक्ति सिद्ध केली. वस्तुतः झेरॉक्सच्या यंत्रावर ती सोय नव्हती! नक्कल करावयास गेलेल्या माणसानें जें नव्हतेंच त्याची नक्कल केली, आणि त्यांतून नवी वस्तु निपजली.

ॲपलची वृत्ति मात्र लवकरच पालटली. जें पाहून आपण शिकलों तें आतां आपलेंच, अशा भावनेनें कंपनीनें १९८५ मध्यें डिजिटल रिसर्च ह्या मंडळीच्या जेम नांवाच्या पडद्यावर आक्षेप घेतला. त्या छोट्या कंपनीनें कोर्टाची पायरी चढण्याऐवजीं आपला पडदा बदलून विद्रूप करून घेतला. मायक्रोसॉफ्टशीं प्रकरण इतकें सोपें नव्हतें. विंडोजची पहिली आवृत्ति नोव्हेंबर १९८५ मध्यें आली तेव्हां तिच्यांतील खिडक्या फरश्यांसारख्या शेजारीं शेजारीं मांडलेल्या असत, एकमेकींवर चढत नसत. त्याच महिन्यांत दोन्ही कंपन्यांत करार होऊन त्या रूपाचा वापर करण्याची परवानगी ॲपलनें मायक्रोसॉफ्टला दिली. १९८७ च्या अखेरीस दुसरी आवृत्ति आली, तींत खिडक्या एकमेकींवर चढूं लागल्या, आणि १९८८ च्या मार्चमध्यें ॲपलनें मायक्रोसॉफ्ट व ह्यूलेट-पॅकार्ड ह्या दोघांवर फिर्याद ठोकली.

ह्या खटल्याचें कामकाज वाचतांना एखाद्या शेतजमिनीच्या वाटणीचा दावा वाचल्यासारखें वाटतें. ॲपलनें आपल्या रूपाचे तुकडे पाडून १८९ बाबींची यादी दिली. त्यांपैकीं १७९ बाबी १९८५ च्या करारांतच दिल्या गेल्या आहेत असें न्यायालयानें ठरविलें. राहिल्या दहा. त्यांतील बहुतेक एक तर ॲपलच्या स्वतःच्या नव्हत्या, किंवा ती कल्पना दाखविण्याचा दुसरा मार्गच नव्हता. एकावर एक ठेवलेले कागद दाखवावयाचे तर एकावर एक ठेवलेलेच दाखवावे लागणार! ह्यूलेट-पॅकार्डच्या पडद्यावरील कचऱ्याची टोपली व फोल्डरचें चिन्ह एवढ्यापुरताच काय तो ॲपलचा शब्द राहिला. वरिष्ठ न्यायालयानें १९९४ मध्यें हा निकाल कायम केला आणि १९९५ च्या आरंभीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण ऐकण्याचें नाकारलें. मध्यंतरीं, १९८९ मध्यें, झेरॉक्सनेंहि जागें होऊन ॲपलवर दावा लावला होता. त्याचा बहुतेक भाग पुढच्याच वर्षीं न्यायालयानें काढून टाकला. ज्याच्या अंगणांत बी रुजलें तो सर्वांत उशिरां आणि रिकाम्या हातीं परतला, ह्याचें आम्हांस विशेष नवल वाटत नाहीं. इतिहासांत असें वारंवार घडतें.

ह्या निकालानें रूप उसनें घेणाऱ्यांस पुष्कळ मोकळीक मिळाली खरी, तथापि सवयीच्या मालकीचा जो प्रश्न आम्ही वर मांडला तो त्यांत कोणी विचारलाच नव्हता. तो विचारला गेला दुसऱ्या एका खटल्यांत. तो कार्यप्रणालीचा नव्हता, हिशेबाच्या तक्त्यांचा होता. लोटस कंपनीचा १-२-३ नांवाचा प्रोग्रॅम १९८३ पासून अमेरिकेंतील कचेऱ्यांतून घरोघरच्या पंचांगासारखा झाला होता. त्यांत ४६९ आज्ञा पन्नासांहून अधिक मेनूंत मांडलेल्या होत्या, आणि लक्षावधि कारकुनांनीं त्या पाठ केल्या होत्या. नुसत्या पाठ केल्या नव्हत्या, तर त्यांच्या आधारें स्वतःचे छोटे छोटे लेखी संकेत, ज्यांस मॅक्रो म्हणतात, ते रचून ठेवले होते. बोर्लंड कंपनीनें आपल्या क्वाट्रो ह्या प्रोग्रॅमांत तोच मेनू जशाचा तसा उपलब्ध करून दिला, म्हणजे लोटसचा सराव झालेला माणूस अडखळूं नये. आंतील सर्व रचना बोर्लंडची स्वतःची होती. लोटसनें दावा लावला. खालच्या कोर्टांत लोटस जिंकली. १९९५ मध्यें बोस्टन येथील वरिष्ठ न्यायालयानें निकाल फिरविला आणि मेनू ही यंत्र चालविण्याची पद्धत आहे, तिला कॉपीराइट लागू नाहीं, असें ठरविलें. १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत मतें चार विरुद्ध चार अशीं सम पडल्यामुळें तोच निकाल कायम राहिला.

ह्या निकालास न्यायमूर्ति मायकेल बूडिन ह्यांनीं जें स्वतंत्र मत जोडलें, तें आमच्या मतें ह्या सर्व वाङ्मयांत सर्वांत शहाणपणाचें आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, मेनू शिकण्याचे कष्ट लोटसनें केलेले नाहींत, ते गिऱ्हाइकांनीं केले आहेत. गिऱ्हाइकानें स्वतःच्या श्रमानें जें कमावलें, त्याच्याच आधारें त्याला कायमचा बांधून ठेवण्याचा हक्क कंपनीस कां असावा? टंकलेखनयंत्राच्या कळांच्या मांडणीचें उदाहरण त्यांनीं दिलें आहे. तें मराठी वाचकास लगेच पटण्याजोगें आहे. आपल्याकडे ज्यांचीं बोटें रेमिंग्टन धाटणीच्या टंकलेखनयंत्रावर घडलीं, त्यांना संगणकावरील इनस्क्रिप्ट ही मांडणी कितीहि शास्त्रशुद्ध असली तरी नवीन वर्णमाला शिकल्यासारखें वाटलें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें आपल्या भाषाविषयक सॉफ्टवेअरमध्यें जुन्या टंकलेखनयंत्राचीहि मांडणी ठेवली ती ह्याच कारणास्तव. नव्या यंत्राला तेथें जुन्याचें सोंग घ्यावें लागलें, आणि त्यांत कोणाचा अपमान झाला असें कोणी म्हटलें नाहीं.

आतां कार्यप्रणालींकडे परत वळूं. विंडोज व मॅकिंटॉश ह्यांत दर्शनी अंग आंतल्या अंगास घट्ट शिवलेलें असे. युनिक्सच्या कुळांत तसें नव्हतें. एम्. आय्. टी. ह्या संस्थेंत १९८४ मध्यें सुरू झालेल्या एक्स विंडो पद्धतीचें तत्त्वच असें होतें कीं पडद्यावर रेघ कशी काढावी एवढें आम्ही सांगूं, खिडकी कशी दिसावी हें तुमचें तुम्ही पाहा. खिडकीस चौकट घालणारा प्रोग्रॅम त्यामुळें अगदीं निराळा राहिला आणि अंगरख्याप्रमाणें बदलतां येऊं लागला. १९९१ मध्यें लिनक्सचा जन्म झाला. १९९३ मध्यें रॉबर्ट नेशन ह्यांनीं एफ्-व्ही-डब्ल्यू-एम् हा चौकट घालणारा प्रोग्रॅम लिहिला. आणि ऑगस्ट १९९५ मध्यें विंडोज ९५ मोठ्या गाजावाजानें बाहेर पडल्यावर त्या प्रोग्रॅमचें विंडोज ९५ सारखें दिसणारें भावंड लवकरच तयार झालें. तीच करड्या रंगाची पट्टी, तेंच डाव्या कोपऱ्यांतील बटण, उजवीकडे तेंच घड्याळ. १९९७ च्या सुमाराचा आइस-डब्ल्यू-एम् तर एका थीमनें विंडोज, दुसऱ्या थीमनें ओ-एस्-टू असा रंग बदली. त्याच वर्षीं ब्राझिलच्या आल्फ्रेडो कोजिमा ह्यांनीं विंडो मेकर रचला. तो नेक्स्ट ह्या जॉब्ज ह्यांच्याच दुसऱ्या कंपनीच्या सुंदर पण महागड्या यंत्राची आठवण जागवणारा होता.

येथें दोन निराळ्या प्रेरणा एकाच वस्त्रांत दिसतात, आणि त्यांची गल्लत करूं नये. विंडो मेकर वापरणारा मनुष्य प्रेमानें नक्कल करीत होता. जें यंत्र त्याला परवडलें नाहीं त्याची छाया तो आपल्या पडद्यावर ठेवीत होता. विंडोज ९५ चें रूप लिनक्सवर चढविणारा मात्र बहुधा दुसऱ्या कोणासाठीं तें चढवीत असे: शेजाऱ्यासाठीं, आईवडिलांसाठीं, कचेरींतील सहकाऱ्यासाठीं. नव्या घरांत पाऊल टाकणाऱ्यास उंबरठा ओळखीचा वाटावा एवढाच त्याचा हेतु.

प्रेमानें केलेल्या नकलेचें टोंक पाहावयाचें तर खुद्द मॅकिंटॉशकडेच पाहावें. ॲपलनें कोपलंड नांवाची नवी कार्यप्रणाली जाहीर केली होती. ती कधींच पुरी झाली नाहीं. १९९६ मध्यें तिचा नाद कंपनीनें सोडला. परंतु तिचें जें रूप चित्रांतून प्रसिद्ध झालें होतें, तें ग्रेग लँडवेबर ह्यांनीं ॲरन नांवाच्या छोट्या प्रोग्रॅमनें जुन्या मॅकिंटॉशवर आणून दाखविलें. पुढें त्यांनीं आर्लो रोझ ह्यांच्यासह कॅलिडोस्कोप काढला, आणि मॅकिंटॉशचे मालक आपल्या यंत्रास वाटेल तीं रूपें देऊं लागले. ५ जानेवारी २००० रोजीं जॉब्ज ह्यांनीं ॲक्वा हें पाण्याच्या थेंबांसारखें चकाकणारें नवें रूप प्रकट केलें. थोड्याच दिवसांत त्याच्या प्रतिकृति लिनक्ससाठीं, विंडोजसाठीं, आणि कॅलिडोस्कोपच्या द्वारें जुन्या मॅकिंटॉशसाठींहि तयार झाल्या. ॲपलच्या वकिलांचीं पत्रेंहि तितक्याच त्वरेनें निघालीं आणि थीमच्या संग्रहांतून ॲक्वाच्या नकला काढून टाकाव्या लागल्या. आपल्याच जुन्या गिऱ्हाइकांनीं आपलें नवें रूप महिने अगोदर ल्यावें, ह्याचा राग कंपनीस यावा हें मनुष्यस्वभावास धरून आहे. पण ही पत्रें वाटेंत आलेल्या हौशी विद्यार्थ्यांस भिववण्यापलीकडे कांहीं साधूं शकलीं नाहींत.

मायक्रोसॉफ्टनें वकिलांऐवजीं कुलूप वापरलें. २००१ मधील विंडोज एक्सपीमध्यें थीम बदलण्याची यंत्रणा होती, परंतु कंपनीची सही असल्याखेरीज ती कोणतीहि थीम स्वीकारीत नसे. लोकांनीं ती तपासणी करणारी फाइल शोधली, तिच्यांतील पहारेकऱ्यास झोपविलें, आणि मग फ्लायकाइट-ओएसएक्ससारखे संच पसरले. ते चढविले कीं एक्सपी मॅकिंटॉशसारखी दिसे. ह्या संचांपायीं कित्येकांचीं यंत्रें कोलमडत, कारण परकें रूप चढवितांना आंतील शिवण उसवावी लागे. लिनक्सवर जें कपडे बदलणें होतें, तें विंडोजवर शस्त्रक्रिया झालें.

रूप आणि अंतरंग ह्यांतील अंतर किती, हें मोजावयाचें असल्यास वाइन ह्या उद्योगाकडे पाहावें. विंडोजसाठीं लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालावे म्हणून विंडोजच्या आंतील वर्तनाची नक्कल करण्याचें हें काम १९९३ मध्यें सुरू झालें. त्याची पहिली पूर्ण म्हणविलेली आवृत्ति २००८ मध्यें निघाली. बाहेरचा वेष एका दुपारीं होतो. आंतल्या स्वभावास पंधरा वर्षें लागलीं. ह्या दोहोंच्या मधली, आणि आमच्या दृष्टीनें फार रम्य अशी, एक नक्कल टंकांची आहे. विंडोजवर लिहिलेलें पत्र लिनक्सवर उघडलें कीं ओळी हलत, पानें सरकत, कोष्टकें मोडत, कारण मूळ फॉन्ट तेथें नसत. २००७ मध्यें रेड हॅट कंपनीनें लिबरेशन नांवाचे फॉन्ट मोफत दिले. त्यांतील अक्षरांचा घाट निराळा, परंतु प्रत्येक अक्षराची रुंदी एरिअल, टाइम्स न्यू रोमन आणि कुरिअर न्यू ह्यांच्या अक्षराइतकीच, केसभरहि कमीजास्त नाहीं. अक्षर दुसऱ्याचें घेतलें नाहीं, फक्त त्यानें व्यापलेली जागा घेतली. ओळ मूळ ठिकाणींच तुटूं लागली आणि अर्ज भरणाऱ्याचा अर्ज एका पानांत मावूं लागला. दर्शनी सोंगांनीं जी सोय केली नाहीं ती ह्या न दिसणाऱ्या सोंगानें केली.

उलट, वरवरच्या साम्यानें फसगतहि होते. मायकेल रॉबर्टसन ह्यांनीं २००१ मध्यें लिंडोज काढली तेव्हां विंडोजचे प्रोग्रॅम तिच्यावर चालतील अशी आशा दाखविण्यांत आली होती, आणि नांवहि त्याच तालावर ठेवलें होतें. मायक्रोसॉफ्टनें नांवावरून दावा लावला. अमेरिकेंतील न्यायालयाचा कल विंडोज ह्या सामान्य शब्दाच्या मालकीविषयीं शंका घेण्याकडे दिसूं लागल्यावर २००४ मध्यें त्याच मायक्रोसॉफ्टनें दोन कोट डॉलर देऊन तडजोड केली व लिंडोजचें लिनस्पायर झालें. चीनमध्यें २००९-१० च्या सुमारास वाय-एल्-एम्-एफ् ह्या मंडळीनें उबुंटूवर आधारलेली, पण हुबेहूब एक्सपीसारखी दिसणारी कार्यप्रणाली काढली. ही मंडळी पूर्वीं एक्सपीच्या बेकायदा, फेरफार केलेल्या प्रतींसाठीं ख्यात होती! चोरीचा माल ठेवतां येईना, तेव्हां निदान दुकानाची पाटी तीच ठेवली, असा हा प्रकार.

इतका वेळ सोयीचें सोंग पाहिलें. आतां लपण्याचें सोंग पाहूं. टेल्स ही पेन-ड्राइव्हवरून चालणारी लिनक्सची एक जात आहे. ती आपला सर्व संचार टॉर ह्या गुप्त मार्गानें करते आणि यंत्र बंद केल्यावर मागें माग ठेवीत नाहीं. २०१३ मध्यें एडवर्ड स्नोडेन ह्यांनीं अमेरिकन सरकारच्या हेरगिरीचे कागद बाहेर काढले तेव्हां ह्या साधनाचा उपयोग झाला होता. टेल्समध्यें एके काळीं पडद्यास विंडोज एक्सपीचें, आणि पुढें विंडोज ८ चें रूप देण्याची सोय होती. एखाद्या सार्वजनिक जागीं बसलेल्या पत्रकाराच्या खांद्यावरून कोणी डोकावलें तर त्याला चारचौघांसारखाच पडदा दिसावा, एवढ्यासाठीं. पायाभूत डेस्कटॉप बदलल्यावर ती सोय मागें पडली. नोव्हेंबर २०१९ मध्यें काली लिनक्सनें तीच कल्पना अंडरकव्हर ह्या नांवानें आणली. काली ही जाळ्यांची सुरक्षितता तपासणाऱ्यांची प्रणाली. तिचा पडदा जाणत्यास लांबूनहि ओळखूं येतो. एक आज्ञा दिली कीं क्षणार्धांत तेथें विंडोज १० अवतरते, पुन्हा दिली कीं मूळ रूप परत. येथें हाताच्या सवयीचा संबंध नाहीं. येथें सोंग आहे तें पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या सवयीसाठीं.

आणि नेमका ह्याच्या उलट प्रकार उत्तर कोरियांत दिसतो. तेथील कोरिया कॉम्प्यूटर सेंटरनें रेड स्टार नांवाची कार्यप्रणाली लिनक्सवर उभारली. तिची दुसरी आवृत्ति विंडोजसारखी दिसे. तिसरी मात्र मॅकिंटॉशच्या रूपांत आली: खालीं चिन्हांची तीच ओळ, वर तीच मेनूची पट्टी, खिडक्यांस तशीच झिलई. अमेरिकेस शत्रु मानणाऱ्या राज्यानें तिच्याच सर्वांत दिमाखदार कंपनीचा वेष निवडावा, ह्यांतील विनोद कोणाच्याहि ध्यानांत येईल. परंतु डिसेंबर २०१५ मध्यें हॅम्बुर्ग येथील केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्यें फ्लोरियन ग्रुनोव आणि निक्लाउस शीस ह्या जर्मन अभ्यासकांनीं ह्या प्रणालीचें अंतरंग उलगडून दाखविलें, तेव्हां विनोद संपला. पेन-ड्राइव्ह यंत्रास जोडला कीं त्यावरील लेख, चित्रें, चलच्चित्रें ह्यांच्या फाइलींवर रेड स्टार गुपचुप एक खूण उमटवी, आणि ती खूण त्या यंत्राच्या डिस्कच्या क्रमांकावरून बनलेली असे. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली कीं दुसरी खूण. एखादें चित्रफितीचें प्रकरण कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें, त्याची वंशावळ अशा रीतीनें फाइलींतच लिहिली जाई. प्रणालीच्या मुख्य फाइलींस कोणी हात लावला तर यंत्र स्वतःस पुनः पुनः सुरू करीत बसे. लिनक्ससारख्या मोकळ्या वस्तूवर उभारलेलें, मॅकिंटॉशच्या मोहक चेहऱ्याचें, आणि पोटांत पोलिसठाणें बाळगणारें हें यंत्र! टेल्स आणि रेड स्टार ह्या दोघींचा पाया लिनक्सचाच आणि दोघींचा वेष उसना. एकीनें माणसास झाकलें, दुसरीनें त्याची नोंद केली. पडद्याच्या रूपावरून आंत कोण बसला आहे हें ओळखण्याचें साधन सामान्य मनुष्यापाशीं नाहीं, एवढें मात्र दोहोंवरून दिसतें.

मालकीच्या वादांत आणखी एक हक्कदार अलीकडे पुढें आला आहे, तो म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणारा कारागीर. लिनक्सवरील ग्नोम ह्या डेस्कटॉपसाठीं लिहिणाऱ्या कित्येकांनीं २०१९ मध्यें एक अनावृत पत्र प्रसिद्ध करून वितरकांस विनविलें कीं आमच्या प्रोग्रॅमांवर तुमच्या थीम लादूं नका. त्यायोगें अक्षरें दिसेनाशीं होतात, चिन्हांचा अर्थ बिघडतो, आणि दोष आमच्या माथीं येतो. हें गाऱ्हाणें खोटें नाहीं. तथापि ज्या परंपरेनें अंगरखा बदलण्याची मोकळीक प्रथम दिली, तिच्याच वारसांनीं अंगरखा शिवून टाकण्याची मागणी करावी, हें आम्हांस थोडें विचित्र वाटतें. घर वापरणाऱ्यानें भिंतीस कोणता रंग द्यावा ह्यावर गवंड्याचा सल्ला ऐकावा. हुकूम ऐकण्याचें कारण नाहीं.

आपल्या देशांतहि हा प्रश्न आतां हौसेचा राहिलेला नाहीं. २०२३ च्या ऑगस्टमध्यें असें वृत्त प्रसिद्ध झालें कीं संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवरील विंडोज काढून उबुंटूवर आधारलेली देशी प्रणाली बसविणार, आणि वापरणाऱ्यांस फरक जाणवूं नये म्हणून तिचें रूप विंडोजसारखें ठेवलें आहे. तिचें नांव माया! ज्यानें हें नांव सुचविलें त्याचें वेदान्ताचें वाचन चांगलें असावें. विनोद सोडला तर ह्या निर्णयांत एक गोष्ट स्पष्ट आहे: सरकारला आंतील यंत्रणा आपल्या ताब्यांत हवी होती, पण हजारों लोकांच्या हातांची सवय बदलणें सरकारच्याहि आवाक्याबाहेरचें वाटलें. म्हणून सवय तशीच ठेवली आणि तिच्या मागचें यंत्र बदललें.

डब्लिनचे आर्त्योम व किरिल झोरिन हे बंधु २००८ पासून हेंच काम सामान्य माणसासाठीं करीत आले आहेत. त्यांच्या झोरिन ह्या प्रणालींत एका खिडकींतून आपला पडदा कोणत्या धाटणीचा असावा तें निवडतां येतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नियमित सांभाळ थांबविला, आणि विंडोज ११ चीं बंधनें न पाळूं शकणारीं असंख्य धडधाकट यंत्रें एका दिवसांत म्हातारीं ठरलीं. झोरिनची अठरावी आवृत्ति बरोबर त्याच दिवशीं बाहेर पडली. योगायोग तो नव्हे.

ह्या सर्व काळांत मूळ मालकहि स्वस्थ बसले नव्हते. २०१२ मध्यें विंडोज ८ आणतांना मायक्रोसॉफ्टनें सतरा वर्षांच्या सवयीचें स्टार्ट बटणच काढून टाकलें. तेव्हां लोकांनीं विंडोजलाच विंडोजचें सोंग दिलें: इव्हो बेल्चेव्ह ह्यांचा क्लासिक शेल हा मोफत प्रोग्रॅम बसविला कीं नव्या यंत्रावर जुना मेनू परत येई. २०१३ मध्यें बटण परत आलें, २०१५ च्या विंडोज १० मध्यें मेनूहि परत आला. मग २०२१ मध्यें विंडोज ११ निघाली आणि तिच्यांत चिन्हांची ओळ खालच्या पट्टीच्या मध्यभागीं सरकली, जशी ती मॅकिंटॉशवर असते. फ्लायकाइट वापरणाऱ्या पोरांनीं जें चोरून केलें होतें, तें कंपनीनें स्वतःच्या सहीनें केलें. ह्या खेपेस मात्र ती ओळ पुन्हा डावीकडे नेण्याची सोय तिनें सेटिंगमध्यें पहिल्यापासूनच ठेवली.